लाल दिव्याचा न्याय

चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 वर गेला तर कोणी दखल घेत नाही. 47 ला टेकला तर पेपरात चौकट येते. मूल रोडला नामदेव मिस्त्रींचं टिनाचं शेड आहे, त्याखाली दुपारी दोनला किती असतं ते कोणी मोजलेलं नाही. भुशाचा ढीग, फेविकॉलचे रिकामे डबे, अर्धवट उभी राहिलेली दोन कपाटं, आणि भिंतीला ठोकलेल्या फळीवर ओळीनं मांडलेले चार्जर. ही फळी नेमकी टिनाच्या उतरत्या बाजूला, छताच्या सगळ्यात जवळ. कारण बोर्ड तिथे आहे.

मिस्त्री हाताचे पक्के. बल्लारशाच्या ज्या आगारातून 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं, तिथलं लाकूड ते नुसत्या वासावरून ओळखतात असं लोक म्हणतात, आणि मिस्त्री ते खोडत नाहीत. चौकटीचा सांधा असा की पोस्टकार्ड शिरणार नाही. पण बॅटरीवाल्या ड्रिल आल्या, त्यांच्याबरोबर चार्जर आले, आणि चार्जरवर दिवे आले. या दिव्यांसाठी मिस्त्रींनी एकच कायदा केला: हिरवा म्हणजे चांगली, लाल म्हणजे गेली. वरोरा नाक्याच्या सिग्नलवर चालतं ते शेडात का चालू नये?

न चालण्याचं कारण साधं आहे. सिग्नलचे रंग जगानं एकमतानं ठरवलेत, चार्जरवाल्यांनी तसं काही ठरवलेलं नाही. मकिताच्या नेहमीच्या जलद चार्जरवर बॅटरी नसताना हिरवा लुकलुकतो. बॅटरी बसवली की लाल स्थिर पेटतो, म्हणजे काम चालू. सुमारे 80 टक्के झालं की लाल आणि हिरवा दोन्ही, आणि पूर्ण भरली की एकटा हिरवा. डीवॉल्टच्या पिवळ्या चार्जरवर भरताना लाल लुकलुकतो आणि भरून झाली की तोच लाल स्थिर होतो. बॉशच्या निळ्यावर भरताना हिरवा लुकलुकतो, आणि लाल स्थिर पेटला तर बॅटरीचं तापमान मर्यादेबाहेर आहे. म्हणजे तोच एक स्थिर लाल दिवा: पहिला म्हणतो जेवतेय, दुसरा म्हणतो पोट भरलं, तिसरा म्हणतो अंगात ताप आहे, आत्ता वाढू नका. मिस्त्रींच्या कायद्यात तिघांनाही एकच शिक्षा होती.

पिवळ्या चार्जरचं प्रकरण पहिल्याच वर्षी मिटलं होतं, मिटलं म्हणजे तो चार्जर विकला गेला. "सकाळपासून लाल, संध्याकाळीही लाल," असं सांगून. घेणाऱ्यानं का घेतला, हा प्रश्न मिस्त्रींना पडला नाही.

दुसरा एक कायदा होता: बॅटरी पार उतरल्याशिवाय चार्जरला लावायची नाही. हा मात्र कुठून तरी उचललेला नव्हता, अनुभवातून आलेला होता. मिस्त्रींची पहिली ड्रिल निकेल-कॅडमियमवाली होती, आणि त्या बॅटऱ्यांना अर्ध्यावर लावायची सवय लागली की त्या अर्ध्यावरच दम टाकत, असं सगळेच कारागीर मानत. लिथियम-आयनचं उलट आहे. सोनीनं 1991 मध्ये ती बाजारात आणली, 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल तिच्यासाठीच मिळालं. तिला अर्ध्यावर लावलेलं चालतं. पार उतरवणं मात्र तिच्या जिवावर येतं. पण एकदा हाताला बसलेला धडा माणूस नव्या हत्यारालाही शिकवायला जातो. आणि पार उतरेपर्यंत सागवानात भोकं पाडत राहिलं की बॅटरी काढताना हाताला चटका बसतो, तसा मेमध्ये बसत होता.

शेडात अमोल नावाचा पोरगा होता. बल्लारशाचा, अठरा-एकोणीसचा, कमी बोलणारा. चार्जरचं खातं त्याच्याकडे.

लग्नसराईचं काम अंगावर होतं. दोन घरची कपाटं आणि एक दिवाण. त्या दुपारी ड्रिल थांबली, अमोलनं बॅटरी काढून निळ्या चार्जरला लावली. लाल. काढून दुसरी लावली. लाल.

"काऊन बे," मिस्त्री म्हणाले, "रातभर लावून ठेवल्या होत्या ना तू?"

"नाई काका. सकाळी लावली का हिरवा येते. दुपारीच लाल येते."

"सकाळी तू झोपेत असतं. मले शिकवतं का?"

पोरगा गप्प झाला. मिस्त्रींनी त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्याला हवा तो लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच झालं तेव्हा दोन दिवसांची मजुरी कापली गेली, आणि तिसऱ्या दिवशीची अर्धी राहिली तशीच, कारण अमोल टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला. त्याला कोणी थांबवलं नाही. दोन्ही बॅटऱ्या हातगाडी घेऊन फिरणाऱ्या कबाडीला किलोच्या भावात गेल्या. खरं तर 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे. पण बनवणारा दारात येत नाही, कबाडी येतो.

आता त्या बॅटरीच्या आत काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण मिस्त्रींच्या कायद्यात आतलं काही येत नव्हतं. 18 व्होल्टच्या अशा पॅकमध्ये एकापुढे एक पाच सेल जोडलेले असतात, प्रत्येकी 3.6 व्होल्टचे, पूर्ण भरल्यावर प्रत्येक 4.2 वर जातो. सेलांना चिकटून एक छोटा थर्मिस्टर बसवलेला असतो, तापला की ज्याचा रोध कमी होतो. बॅटरीच्या पोटाशी धन-ऋण सोडून आणखी एक पत्री दिसते, तिच्यातून चार्जर या थर्मिस्टरला विचारतो. विचारल्याशिवाय तो करंट सोडत नाही. बहुतेक पुस्तिकांमध्ये वरची मर्यादा 40 नाही तर 45 अंश असते. तापलेल्या सेलमध्ये करंट रेटला तर आतलं रसायन नको त्या दिशेनं झिजतं आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. खाली शून्याच्या आत गेलं तरी तोच नकार, कारण तेव्हा लिथियम ग्राफाइटमध्ये शिरायचं सोडून वरच धातूचा थर होऊन बसतं. लेहच्या सुताराला जानेवारीच्या सकाळी तोच दिवा दिसेल. चंद्रपूरच्या टिनाखाली तर हवाच मर्यादेवर होती, आणि वर सागवानानं तापवलेली बॅटरी. चार्जर थांबला होता. तापमान उतरलं की तो आपणहून सुरू होतो, कोणी काही दाबावं लागत नाही. पण एवढा वेळ मिस्त्री त्याला देत नव्हते. दोन मिनिटांत बॅटरी उपटली जायची.

मिस्त्रींनी बाजारातून दोन नव्या बॅटऱ्या आणल्या. दुपारी एक वाजता, स्कूटरच्या डिकीत. शेडात आल्या आल्या निळ्या चार्जरला लावल्या. लाल.

दुकानदाराशी भांडायला ते त्याच पावली परत गेले, चार्जरसकट. दुकानात मोठा कुलर होता. दुकानदारानं पाणी दिलं, चहा सांगितला, "बसा मिस्त्री, बघू" म्हणाला. चहा येईपर्यंत, पिऊन होईपर्यंत आणि मग गिऱ्हाईक सुटेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला. मग त्यानं चार्जर लावला, बॅटरी सरकवली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

इथे एखाद्याला वाटेल की आता उजेड पडला. नाही पडला. ज्याचा कायदा पक्का असतो, त्याला पुरावाही त्याच कायद्यात बसवता येतो. मिस्त्री घरी येऊन बायकोला म्हणाले, "आपल्या शेडातला करंटच कमजोर हाय." ज्या गावात 2920 मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र आहे, ज्याच्या विजेवर महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांचे एसी चालतात, त्या गावात. वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला, बंद केला, दोनशे रुपये घेतले.

नव्या बॅटऱ्या मग रात्री घरी चार्ज व्हायला लागल्या. काम अडेना. त्यामुळे निळ्या चार्जरवरचा प्रश्न तसाच राहिला.

आता तिसरी बॅटरी. ही मकिताची, एका बांधकामावर विसरलेल्या ड्रिलमध्ये आख्खा पावसाळा पडून राहिलेली. ड्रिल सापडली तेव्हा बॅटरीत काही नव्हतं. चार्जरला लावली की लाल-हिरवा आलटूनपालटून लुकलुकायचा. त्या चार्जरच्या भाषेत याचा अर्थ चार्ज करता येत नाही: एक तर पत्र्यांत भुसा अडकलाय, नाही तर बॅटरी निकामी. पत्र्या पुसून पाहाव्यात. तरी तेच आलं तर बॅटरी सोडून द्यावी. मिस्त्रींना मात्र त्यात हिरवा दिसत होता. "यात जान हाय," ते म्हणायचे. "मधून मधून हिरवा मारते." चांगल्या दोन लाल म्हणून कबाडीला गेल्या, आणि ही अर्धी हिरवी म्हणून फळीवर राहिली.

सेल दोन व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिला की त्याच्या आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं. पुन्हा भरायला गेलं की ते तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्टची वाट तयार होते. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून चार्जर अशा बॅटरीला घेत नाही, आणि म्हणूनच लोकांना वाटतं चार्जर उगाच नखरे करतो. त्यावर कारागिरांत एक उपाय फिरतो: किक मारणे. भरलेल्या बॅटरीच्या दोन वायरी मेलेलीला लावायच्या, धनाला धन, ऋणाला ऋण, थोडा वेळ. मेलेलीचा व्होल्टेज वर येतो, चार्जर फसतो आणि तिला आत घेतो.

मिस्त्रींनी तेच केलं. वायरी हातात गरम झाल्या, तेव्हा त्यांनी त्या सोडून दिल्या. मग चार्जरला लावली. लाल स्थिर पेटला, आणि या चार्जरवर त्याचा अर्थ काम चालू हा त्यांना एव्हाना माहीत होता. कायद्यात एक अपवाद त्यांनी स्वतःच घातला होता, सोयीचा होता म्हणून. "पाय," ते शेजारच्या गॅरेजवाल्याला म्हणाले, "चार्जरले काय कयते."

विसेक मिनिटांनी फळीकडून फुसकन आवाज आला. आधी गोडसर, नाकात चावणारा वास, मग पांढरट धूर, मग बॅटरीच्या खाचेतून जोरात बाहेर येणारी फुंकर. खाली भुशाचा ढीग. गॅरेजवाल्यानं प्लग उपटला. मिस्त्रींनी एक लांब रीप उचलून चार्जरसकट बॅटरी ढकलली, ती दारातून बाहेर रेतीवर जाऊन पडली, आणि तिथे तिनं आपलं राहिलेलं उरकलं. दोन बादल्या पाणी लागलं. भुसा पेटला नाही हे नशीब. त्या दिवशी सकाळीच एक पोतं कोंबडीवाल्यानं नेलं होतं म्हणून ढीग कमी होता. मिस्त्रींच्या उजव्या मनगटावरचे केस जळाले. कपाटाच्या एका दारावर काळा पट्टा उठला, तो पुढे सनमायका लावून झाकला.

भिंत, फळी, निळा चार्जर, सगळ्यावर काजळी. एरवी पुसायला अमोल होता. आता मिस्त्रींनाच थिनरचं फडकं घ्यावं लागलं.

निळ्या चार्जरवर काजळीच्या खाली आणखी एक थर होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते तेव्हा रंधे, पटाश्या, करवती पाटावर मांडतात. ड्रिल आणि चार्जरही मांडले होते. मिस्त्री देवभोळे, कुंकू ते तेलात कालवून लावतात, म्हणजे लवकर निघत नाही. स्वस्तिक त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं होतं, चार्जरच्या तोंडावर, मोठं, चारही टिंबांसकट. तेलावर सात महिने भुसा बसत गेला आणि त्याचा सिमेंटसारखा लेप झाला. थिनरनं तो सुटायला लागला. खाली छापलेलं दिसलं. इंग्रजी अक्षरं नव्हती, होती ती चित्रं: एका ओळीत हिरवा ठिपका आणि त्याभोवती किरणं, शेजारी बॅटरी. दुसऱ्या ओळीत लाल ठिपका, किरणांशिवाय. शेजारी तापमापी.

मिस्त्री इंग्रजी वाचत नाहीत. तापमापी काय असते ते मात्र करोनात सगळ्या गावाला पाठ झालं होतं.

ते बराच वेळ फडकं हातात धरून उभे राहिले, मग घरात गेले. कोणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नवी बॅटरी मुद्दाम ड्रिलमध्ये घालून सागवानाच्या ठोकळ्यात उगाच भोकं पाडली. बॅटरी गरम लागली तशी चार्जर घेऊन घरात आले, माठाशेजारच्या फरशीवर ठेवला, बॅटरी लावली. लाल. मोबाइलवर वेळ पाहिली. बायकोनं भाकरी टाकायला घेतली, त्यांना हाक मारली, ते उठले नाहीत. एक भाकरी झाली, दुसरी झाली. लाल. शेजारची बाई विरजण मागायला आली, "मिस्त्री देवपूजा करून रायले का?" म्हणून हसून गेली. लाल. मग, कोणी हात न लावता, लाल विझला आणि हिरवा लुकलुकायला लागला.

"अवो, जेवता का आता?" बायको म्हणाली.

"थांब," मिस्त्री म्हणाले, आणि चप्पल घालून कबाडीच्या शोधात निघाले.

कबाडीनं आठवून सांगितलं की दोन्ही बॅटऱ्या बल्लारशाच्या एका मिस्त्रीनं नेल्या. कबाडीच्या मते तो वेडा होता, कारण किलोच्या भावापेक्षा जास्त पैसे मोजले.

बल्लारशाचं ते दुकान कडुनिंबाखाली होतं, दोन भिंतींचं. चार्जर दारात नव्हता, छतालाही नव्हता. आतल्या खोलीत जमिनीलगत, माठाच्या तिवईला लागून होता. ड्रिलमधून काढलेली बॅटरी आधी फरशीवर पडायची, तिथे आधीची एक पडलेली असायची ती उचलून मग चार्जरला लागायची. ही पाळी एक पोरगा सांभाळत होता. मान खाली घालून चौकटीला बिजागरीची खाच मारत होता. अमोल.

तिथल्या मिस्त्रीनं खाट ओढली, पाणी दिलं. बॅटऱ्या कबाडीकडे पोरानंच पाहिल्या होत्या, असं त्यानं सांगितलं. "म्हणे उस्ताद, घ्या, चांगल्या हायेत, फक्त तापल्या होत्या. मी म्हटलं, तुले कसं कयलं? म्हणे, सकाळी चालतात अन् दुपारी नाई चालत, त्या मेल्या कशा?"

"परत द्याल का?" नामदेव मिस्त्रींनी विचारलं. "तुमी दिले त्याच भावात."

"न्या ना दादा. माझ्याकडे आता आणखी दोन हायेत. बॅटऱ्या न्या." तो हसला. "पोट्टा नाई देत."

नामदेव मिस्त्री अमोलकडे वळले. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा खिशात हात घातला आणि दोन दिवसांची मजुरी मोजून ओट्यावर ठेवली. अमोलनं पटाशी खाली ठेवली, हात पँटला पुसले, नोटा उचलल्या, एकदा मोजल्या.

"काका, तिसऱ्या दिवसाची अर्धी राहिली," तो म्हणाला.

मिस्त्रींनी दुसरा खिसा तपासला.